लिपस्टिक खाणाऱ्या बाई

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी बाईंना लिपस्टिक खाताना पाहिलं.

सकाळचे साडेदहा झाले असतील. बाईंनी टेबलाच्या खणातून बेकरीतला बन काढला, सुरीनं मधोमध चिरला, साच्यातून नुकतीच निघालेली एक गडद लाल कांडी उचलली आणि लोणी लावावं तशी ती बनावर फासली. मला वाटलं, ही काहीतरी चाचणी असेल, आता त्या बन उजेडाकडे धरून रंग बघतील. बाईंनी तो खाल्ला. सावकाश, डोळे मिटून, नीट चावून. मग पाणी प्यायल्या, एका चिठ्ठीवर दोन शब्द लिहिले आणि उरलेला अर्धा बन माझ्यापुढे केला.

"खा की. नाष्टा झाला नसंल."

मी एकवीस वर्षांची होते. कॉन्व्हेंटात शिकलेली. नको म्हणायचं झालं तर ‘नो थँक यू, मिस’ एवढंच यायचं, तेही पुटपुटत. त्या दिवशी तेवढंही आलं नाही. मी बन घेतला आणि एक घास खाल्ला. आधी मेणबत्तीची चव आली. तिच्यामागून आणखी एक चव आली, जुनी, ओळखीची आणि अजिबात नको असलेली.

"ओळख," बाई म्हणाल्या.

मला ओळखता येईना. तेव्हा त्यांनी कोपऱ्यातला पत्र्याचा मोठा डबा दाखवला. त्यावर इंग्रजीत ‘कॅस्टर ऑइल’ लिहिलेलं होतं. कॅस्टर ऑइल मला चांगलं माहीत होतं. त्यातल्या आम्लाचं नाव, त्याच्या साखळीत कार्बन किती, सगळं परीक्षेत लिहून मी बी.एस्सी. झाले होते. बाईंनी झाकण काढून डबा माझ्या नाकाशी धरला. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, आई माझं नाक दाबून चमच्यानं घशात ओतायची ते एरंडेल. कॅस्टर ऑइल म्हणजेच एरंडेल, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "लहानपणी प्यालीस, मोठेपणी पेपरात लिहिलंस," त्या म्हणाल्या, "आणि दोन्ही एकच हाय हे आज कळलं व्हय तुला?"

ती नव्वदीच्या मधली वर्षं. आपल्या मुली नुकत्याच जगसुंदरी होऊन आल्या होत्या आणि बंगळूरच्या गल्लीबोळांत ब्युटी पार्लरं निघत होती. हेब्बाळ ओलांडून येलहंक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नारळीच्या बागेला लागून, आमची लिपस्टिकची छोटी फॅक्टरी होती. पत्र्याची एक शेड, पंधरा-वीस बायका, मेण वितळवायचं भांडं, रंग घोटायची तीन रुळांची चक्की. बाई तिथल्या केमिस्ट आणि मी त्यांची मदतनीस. ठेंगण्या, पन्नाशीच्या, इरकली साडीवर पांढरा कोट. कोटाच्या एका खिशात लिटमसची पट्टी, दुसऱ्यात पानाचा डबा. माहेर निपाणीकडचं, त्यामुळे मराठी आणि कानडी दोन्ही सारख्याच ठसक्यात. कामगार बायका त्यांना अक्का म्हणत. मी मॅडम म्हटलं तर म्हणाल्या, "बाई म्हण. शाळेत बाई नव्हत्या का तुला?" नव्हत्या. आम्हाला सगळ्या मिस होत्या.

स्वतः त्या लिपस्टिक कधी लावत नसत. पानानं ओठ लालच असायचे. पण प्रत्येक घाण्यातली एक कांडी त्या बनाला लावून खात, आणि त्याचं कारण त्यांच्या दृष्टीनं इतकं साधं होतं की ते विचारणाऱ्याचंच त्यांना नवल वाटे. ओठाला लावलेलं जातं कुठं? काही कपाला लागतं, काही रुमालाला, बाकीचं पोटात. म्हणजे आपण बायकांना खायलाच घालतो. मग स्वयंपाक करणाऱ्या बाईनं आधी चव नको का बघायला?

हे त्या नुसतं आम्हालाच सांगत असत्या तर हरकत नव्हती. एकदा आम्ही सिटी बसनं परत येत होतो. समोरच्या बाकावर एक नटलेली बाई बसली होती, बहुधा लग्नाला निघालेली. बाईंनी पुढं वाकून तिला कानडीत अगदी मायेनं विचारलं, की ओठावर मेंढीचं तेल लावलंय ते ठाऊक आहे ना? ती बाई पुढच्या थांब्यावर उतरून गेली. तिला तिथंच उतरायचं होतं की नाही, कोण जाणे. मी खिडकीबाहेर बघत राहिले, यांची नि माझी ओळखच नाही अशी. अख्खी बस आमच्याकडे बघत होती. बाई शांतपणे पानाला चुना लावत होत्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला दोनशे पानी वही दिली आणि प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारायला लावली. डावीकडे डब्यावर छापलेलं इंग्रजी नाव लिहायचं. उजवीकडे ते मुळात काय आहे ते, घरच्या भाषेत. "ज्या भाषेत आईशी भांडतेस त्या भाषेत," असं त्यांचं सांगणं. आईशी मी मराठीत भांडत असे, पण मराठी लिहिण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. माझी अक्षरं वेडीवाकडी यायची. ऱ्हस्व-दीर्घ बाई लाल पेन्सिलीनं सुधारायच्या. बीझवॅक्स: मधमाशीच्या पोळ्याचं मेण. कारनौबा: परदेशातल्या ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं मेण. लॅनोलिन: मेंढीच्या कातडीचं तेल, लोकरीवर साचतं, लोकर धुतली की निघतं. हे शेवटचं लिहिलं त्या दिवशी मी घरी जाऊन ओठ घासून धुतले.

परफ्यूमपाशी मी अडले. सुगंधाचं पिंप मुंबईहून यायचं आणि त्यात काय आहे ते पाठवणारे सांगत नसत. मी उजवी बाजू कोरी ठेवली. बाईंनी वही परत दिली.

"माहीत न्हाई असं लिही," त्या म्हणाल्या. "कोरी जागा सोडू नगं. कोरी जागा बघून माणसाला वाटतं तिथं काहीच न्हाई."

मी लिहिलं, माहीत नाही. बी.एस्सी. झाल्यावर हे दोन शब्द कागदावर लिहिण्याची ती माझी पहिली वेळ.

त्यांच्या कपाटात एक चपटी डबी होती, तिला कुलूप असे. दुसऱ्या महिन्यात एकदा त्यांनी ती उघडली. आत करडे दाणे होते, मिऱ्याहून लहान, सुरकुतलेले, वर पांढरट भुकटी. बाईंनी चिमूटभर दाणे खलात घालून मला कुटायला सांगितले. करड्या दाण्यांतून असा लाल रंग निघाला की मी हात थांबवला. एका बशीत त्यांनी त्यावर लिंबू पिळलं. रंग केशरी झाला. दुसऱ्या बशीत पानाच्या डब्यातला बोटभर चुना कालवला. रंग जांभळा झाला. मी हरखून गेले. एव्हाना बाईंची सवय मलाही लागली होती. बोट बुडवून मी जिभेला लावलं आणि विचारलं, हे कुठल्या झाडाचं बी?

"बी न्हवं. किडा."

माझं बोट जिभेवरच राहिलं.

परदेशात निवडुंगावर हे किडे पोसतात, बाई सांगू लागल्या. रंगाला सगळ्या माद्या. गोळा करायच्या, मारायच्या, वाळवायच्या. डब्यावर कार्माइन म्हणतात आणि कागदावर त्याचा नुसता नंबर असतो. उंची लाल शेडमध्ये हा हवाच. असा लाल दुसऱ्या कशानं येत नाही. मी नळाशी जाऊन चूळ भरली, पुन्हा भरली, आणि तरी तोंडात सहा पाय फिरत असल्यासारखं दिवसभर वाटत राहिलं. शेवटी वहीत लिहिलं: किडा, मारून वाळवलेला.

हे सगळं मी घरी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं, कारण आई माळकरी.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी इथं येऊन पेटेत, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, राहिलेलं. अण्णा, माझे वडील, बँकेत होते आणि आता घरात कुणी कापड रंगवत नव्हतं, पण आईच्या गळ्यातली तुळशीची माळ सासूकडून आलेली होती. मांस-मासळी सोडाच, बाहेरचं बिस्कीटसुद्धा आई तपासल्याशिवाय तोंडात घालत नसे. तपासायचे मी. आई कानडी शाळेत शिकलेली, मराठी पोथीपुरतं वाचायची आणि इंग्रजी मुळीच नाही. म्हणून मी सात वर्षांची असल्यापासून कुठलाही पुडा, कुठलीही बाटली घरात आली की आई ती माझ्या हातात देई आणि म्हणे, "वाच गं." मी घडाघडा वाचायची आणि शेवटी ‘चालेल’ नाहीतर ‘चालणार नाही’ असं सांगायची. पेटेतल्या चार बायका त्यासाठी आमच्याकडे येत. माझ्या इंग्रजी शाळेचा आईला झालेला खरा उपयोग हाच होता, आणि याचा तिला फार अभिमान होता.

त्या वर्षी आमच्या ओनरना हर्बल लिपस्टिक काढायची होती. गृहस्थ तरुण, सौम्य, नेहमी इंग्रजीत बोलणारे. खोकी आधीच छापून आली. हिरवं पान आणि खाली इंग्रजीत, संपूर्ण शाकाहारी. शेड मात्र त्यांना तीच हवी होती, कार्माइनची. बाई तीन आठवडे दुसरे लाल घोटत बसल्या. एक निळसर दिसे, एक ओठावर गेल्यावर विटकरी होई. शेवटी ओनर म्हणाले, कार्माइनच घाला, तेवढ्याशानं काय होतं. बाई म्हणाल्या, घालते, मग खोक्यावरचं पान काढा. खोकी बदलता येणार नव्हती. घटकांच्या तक्त्यावर केमिस्टची सही लागत होती. बाईंनी तो कागद पानाच्या बोटानं परत सरकवला. कोपऱ्यावर लाल डाग उमटला.

दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावणं आलं. नवा कागद, स्वच्छ. तुम्हीपण सायन्स ग्रॅज्युएट आहात, इट्स जस्ट अ फॉर्मॅलिटी, असं ओनर म्हणाले. कागदावर एकच रकाना होता, इंग्रजी नावांचा. उजवी बाजू नव्हतीच. किड्याच्या ठिकाणी छापलं होतं ‘सी.आय. ७५४७०’. मला नको म्हणायचं होतं. मी सही केली आणि थँक यू म्हटलं. सही त्यांना हवी होती आणि थँक यू मी म्हटलं, हे मला केबिनबाहेर आल्यावर लक्षात आलं.

बाईंना ते कसं कळलं ठाऊक नाही. त्या आरडाओरडा करतील म्हणून मी दिवसभर जीव मुठीत धरून होते. संध्याकाळी त्यांनी चष्मा पुसला आणि एवढंच विचारलं, "आकड्याचे पाय दिसत न्हाईत, न्हाई का?" त्या घाण्याची कांडी त्यांनी बनाला लावली नाही. त्यांनी चव न बघता पुढं गेलेला माल मी तेवढाच पाहिला. दसऱ्यानंतर त्या येणार नाहीत, असं बायका कुजबुजत होत्या.

आयुधपूजेला घरच्यांना बोलवायची आमच्याकडे पद्धत होती. मशीनना झेंडूच्या माळा, दाराला केळीचे खुंट, चक्कीला हळदकुंकू, आणि दारात कुंकू भरून फोडलेला कोहळा. आई नवी साडी नेसून आली. माझी मुलगी कुठं बसते, काय करते, सगळं बघत फिरली. चुरमुरे-पेढे वाटून झाल्यावर ओनरच्या मिसेसनी प्रत्येक बाईला नवी लिपस्टिक द्यायला सुरुवात केली. कुंकू लावावं तशी ती त्या स्वतःच्या हातानं ओठांना लावत होत्या. आईपाशी आल्यावर आईनं हात मधे धरला. रागानं नाही, कौतुकानं.

"स्वल्प थांबा," ती म्हणाली. "आमची पोर वाचून सांगते." आणि खोकं माझ्या हातात दिलं. "वाच गं."

ओनर बाजूलाच होते. बाई दाराशी चक्कीला टेकून उभ्या होत्या, गालात पान. मला खात्री होती की त्या आता बोलणार. परक्या बाईला बसमधून उतरायला लावणाऱ्या बाई इथं गप्प बसणं शक्यच नव्हतं. खरं सांगायचं तर मी त्यांच्या बोलण्याचीच वाट बघत होते. त्या पान चावत राहिल्या.

मी वाचलं. एरंडेल. मेण. ताडासारख्या झाडाचं मेण. लॅनोलिन मी गाळलं. मग म्हटलं, रंग.

"रंग कसला?" आईनं विचारलं. रंगाऱ्याच्या घरात नांदलेली बाई ती. रंग कशातून तरी काढावा लागतो हे तिला माहीत होतं.

"रंगच, आई," मी म्हटलं. "चालेल."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग हनुवटी वर केली आणि मिसेसनी तिच्या ओठांना रंग लावला. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. आई इतकी सुंदर दिसली की मला धक्काच बसला, आणि त्याच क्षणी तिची माळ दिसली.

परतीच्या बसमध्ये आई ओठ किंचित उघडे ठेवून, आवंढा न गिळता बसली होती. तिला सगळ्यांसमोर लिपस्टिकची लाज वाटत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. घरी गेल्यावर ती नळाशी गेली आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

त्यानंतर आईनं मला एकही खोकं वाचायला दिलं नाही. हे कळायला मला दोन आठवडे लागले. बिस्किटं घरात येईनाशी झाली. खोकल्याचं औषध तिनं दुकानदारालाच विचारून आणलं. पेटेतली एक काकू पुडा घेऊन आली, तर आईनं तिला चहा पाजून परत पाठवलं; म्हणाली, पोरीला कामं असतात. बाईंनी सांगितलं, दुसरं कोण सांगणार, असं मी ठरवून टाकलं.

त्या रविवारी मी येलहंक्याला बाईंच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी तरी भांडायचं ठरवून. बाई अंगणात कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. तुम्ही माझ्या आईला सांगितलंत, असं मी म्हटलं.

"मी कशाला सांगू?" बाई म्हणाल्या. "तुझी आईच आली मला विचारायला, पूजेदिवशी, फॅक्टरीतल्या नळाशी. म्हणाली, माझी पोर वाचताना कधी अडखळत न्हाई. आज अडखळली. काय हाय त्यात?"

"मग?"

"मी म्हटलं, तिलाच विचारा."

जिला बसमध्ये, लग्नात, दुकानात कधी तोंड आवरता आलं नाही, तिनं त्या एकाच ठिकाणी ते आवरलं होतं. का, असं मी विचारलं. बाईंनी कोथिंबिरीतून नजर वर केली नाही. "तुझ्यासाठी राखून ठेवलं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सही पुसता येत न्हाई. सांगता मात्र येतं. जा घरी."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा. पुढं त्या भावाकडे निपाणीला गेल्या असं कळलं.

घरी आले तेव्हा आई देवासमोर वाती वळत होती. तोंडानं सांगणं मला जमेना. मी वही आणली, ते पान उघडलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. मराठी होतं, त्यामुळे तिला वाचता येत होतं. ती पोथीसारखं अक्षर अक्षर लावत, मोठ्यानं वाचू लागली. मेंढीच्या कातडीचं तेल. किडा. मारून. वाळवलेला. तिथं बोट ठेवून ती थांबली.

"मला वाटलंच होतं काहीतरी आहे," ती म्हणाली. "काय ते ठाऊक नव्हतं."

"मग लावून का घेतलीस?"

"तुझे ओनर बघत होते की. त्यांच्यासमोर तुला खोटं कसं पाडू?"

आई रडली नाही. तिनं माळ काढून देवापुढच्या तांब्यात बुडवली, डोळ्यांना लावली आणि परत घातली. दुसऱ्या दिवशी एकादशी नसतानाही उपास केला. मी ओनरकडे जाऊन म्हटलं की माझी सही काढा. माल दुकानांत गेला, असं ते सौम्यपणे म्हणाले. मग जो विचारेल त्याला मी सांगणार, असं म्हणून मी बाहेर आले. या खेपेला थँक यू म्हटलं नाही. नोकरी त्या महिन्याअखेर संपली.

आणखी काही दिवसांनी अण्णांनी टोस्टचा एक नवा पुडा आणला. आई तो घेऊन माझ्याजवळ आली. तो तिनं माझ्या हातात दिला.

"वाच."

मी वाचू लागले. गव्हाचं पीठ, साखर, यीस्ट, मीठ. शेवटच्या ओळीत एक लांबलचक नाव होतं. पूर्वीची मी ते त्याच वेगात म्हणून पुढं गेले असते. मी थांबले.

"हे मला माहीत नाही, आई."

"सरी, बरं," आई म्हणाली. पुडा तिनं कपाटावर ठेवला आणि माझ्यासाठी चहा टाकला.